कोणाच्या वतीने

२० नोव्हेंबर

ओटीपी परत अडकला. माझ्या फोनवर येतो, मोरे सरांच्या फोनवर येतो, निपाणीला पाठवला की वाटेत कुठेतरी मुक्काम करतो. एसएमएसवाल्यांना फोन केला. 'मॅडम, मजकूर मंजूर नाही.' मराठी मजकूर चालत नाही म्हणे. दुसरा म्हणाला चालतो, पण वेगळा मंजूर करून घ्या. तिसऱ्याने फोनच ठेवला. शेवटी इंग्रजीत पाठवायचं ठरवलं.

दिवसभर बेळगाव कॅम्पातल्या ऑफिसात लोकांची सॉफ्टवेअर दुरुस्त करायची आणि संध्याकाळी हिंडलग्याला घरी येऊन हे. समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट. मी हो म्हटलेलंच नाही. मोरे सर मंडळाचे सेक्रेटरी, रिटायर हेडमास्तर, रोज सकाळी आप्पांबरोबर फिरायला जातात. फिरता फिरता आप्पांनी सांगून टाकलं, 'आमची सुप्रिया करंल की.' घरी येऊन मला बातमी दिली, जशी काही लॉटरी लागली.

जानेवारीत मेळावा. त्याच्या आत लॉगिन तरी धड झालं पाहिजे.

२४ नोव्हेंबर

मंडळाकडची जुनी माहिती आत घ्यायला गेले तर अर्धी बाहेरच राहिली. नियम साधा ठेवला होता, एक नंबर म्हणजे एक माणूस. इथे एका नंबराखाली तीन-तीन मुली. एका नंबराखाली तर अख्खं गाव. खानापूरकडचे कुणी मध्यस्थ काका आहेत, सगळी स्थळं त्यांच्या मोबाइलवर.

मो. सरांना फोन केला.

'सर, एका नंबरावर तीन मुली कशा?'

'भैनी हाईत त्या.'

'अहो, पण नंबर कुणाचा?'

'बापाचा. आनि कुनाचा असनार?'

त्यांना माझा प्रश्नच कळेना. आणि मला त्यांचं न कळणं कळेना. पुण्यात नोकरीला होते तेव्हा कुणाला हा प्रश्न पडलाच नसता. माणूस म्हणजे नंबर. इथे घर म्हणजे नंबर.

माझीही ओळ आहे त्यात. आईने दोन वर्षांपूर्वी भरलेली, वय तेव्हाचंच. दुरुस्त करावं वाटलं. केलं नाही, तिशी दिसेल मग.

२७ नोव्हें.

जमलं!! एकदम सोपं निघालं. नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, आत गेलं की विचारायचं, 'कोणाच्या वतीने?' खाली त्या नंबरावरची नावं. बापाने थोरलीचं नाव निवडलं की थोरलीचं पान उघडेल, धाकटीचं निवडलं की धाकटीचं. एका दाराला तीन खोल्या.

मो. सर खूश. 'हे बेस केलीस गं. आता बोल, आमच्या लोकास्नी जमंल का न्हाय?' फोनवर इतके मोठ्याने बोलले की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं.

मीही खूश. उगाच कशाला खोटं बोला.

२ डिसेंबर

वडगावला गेले होते. मो. सर म्हणाले, चार घरी चालवून बघ. पहिलंच घर मागावाल्यांचं. खाली पॉवरलूम, वर राहायला. खालच्या खडखडाटात ओटीपीचा आकडा ओरडून सांगावा लागला. घरमालकांनी चष्मा लावून स्वतः टाकला, आत गेले, 'कोणाच्या वतीने'मधून 'तेजस्विनी' निवडलं, आणि एक फोटो आवडला म्हणून खूण केली. तेजू शेजारी उभी होती, बापाच्या खांद्यावरून फोनमध्ये बघत. कसा मुलगा ते तिला नीट दिसलं असेल असं वाटत नाही.

निघताना जिन्यात म्हणाली, 'ताई, माझ्या नंबरवर न्हाय का होत ते?'

म्हटलं, 'होईल, पुढच्या टप्प्यात.' ऑफिसात नको त्या गिऱ्हाइकाला देतो तेच उत्तर. गाडी काढेपर्यंत ती जिन्यातच होती.

पुढचा टप्पा वगैरे काही नाही. उगाच बोलले. तिची नजर डोक्यातून जात नाहीये.

५ डिसें.

थंडी पडली. सकाळी गाडी सुरू होत नाही. ऑफिसात नवीन साहेब कन्नडमध्ये कामं सांगतात, मी कन्नडमध्येच हो म्हणते, मग इंग्रजीत मेल करून विचारते नक्की काय म्हणालात. कन्नड कळतं मला, पण कामाचं कन्नड वेगळं.

मो. सरांची नवी फर्माईश, पान कन्नडमध्येही हवं. खानापूरच्या बऱ्याच मुली कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी बोलतात पण वाचायला अडखळतात. बरोबर आहे. पण काम वाढलं.

८ डिसें.

आप्पांना वेबसाइटचं भलतंच वेड लागलंय. आज जेवताना तक्रार, 'पाच मिन्टात बाहीर काढतंय गं ते. मानसानं टाइप कवा करायचं?' मी म्हटलं, सुरक्षेसाठी असतं. 'कसली सुरक्षा? घरात कोन चोर हाय?'

डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं, गाडी कुठे अडते ते आवाजावरून सांगायचे. ते म्हणतात अडतंय, म्हणजे अडत असणार. वेळ अर्धा तास केला. आतल्या आत अभिमानही वाटला, घरातच टेस्टर मिळाला म्हणून.

हल्ली दुपारी परसात चिकूखाली बसून फोनमध्ये मोठमोठ्याने बोलतात. मध्येच थांबतात, वाचतात, परत बोलतात. बोलून टाइप करायचं मीच शिकवलं होतं. डेपोच्या मित्रांना लांबलचक निरोप पाठवत असतील.

११ डिसें.

मो. सरांनी विचारलं, 'लोक काय काय बोलतात गं एकमेकांशी? जरा बघून सांग की.' नाही म्हटलं. मला सगळं दिसू शकतं, म्हणूनच बघायचं नाही. कुणाचेही निरोप उघडायचे नाहीत, हा नियम मी पहिल्या दिवशीच घातला स्वतःला. सर म्हणाले, 'बरं बाई.' रागावले थोडे.

'होकार'चं बटण चालू केलं. दोन्हीकडून होकार आला की दोघांना पत्ता दिसतो, मग घरच्यांनी पुढचं ठरवायचं. चाचणीतल्या घरांमध्ये एक जोडी जुळलीसुद्धा म्हणे! मो. सर सांगत होते, हसत होते. कोण ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं.

१६ डिसें.

कुठून लिहू?

दुपारी ऑफिसात शिपाई म्हणाला, कुणीतरी भेटायला आलंय. बाहेर एक मुलगा, मुलगा म्हणजे माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, हातात ग्रीस लागलेली पिशवी. 'मी संदीप. निपाणीचा.' मी ओळखीचा चेहरा करून बघितलं, कुठल्या कामाचं गिऱ्हाईक ते आठवेना. म्हणाला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, माल न्यायला बेळगावात आलतो, म्हटलं भेटून जावं. विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते अडवलेत, त्यामुळे उशीर झाला, माफ करा.

कशाबद्दल माफ करा?

चहाला गेलो. त्याने कप हातात धरून ठेवला, पीत नव्हता. मग म्हणाला, 'तुमी लग्नानंतर काम सोडनार न्हाय म्हनलासा, ते मला पटलं. ते सांगायलाच आलो.'

'मी कधी म्हटलं?'

'त्या वेबसाइटवर. होकार दिल्यासा न्हवं?'

म्हटलं, मी काही लिहिलेलं नाही. होकार तर मुळीच नाही. मग तो हळूच म्हणाला, 'मी बी न्हाय लिवलं काय. वहिनी लिवतात. मला वाचून दाखवल्या.'

'म्हणजे तुम्हीही नाही?'

'न्हाय.'

'मग बोलत होतं कोण?'

दोघंही हसलो. हॉटेलवाला वळून बघण्याइतके. तो छान हसतो, खालमानेने. आणि मग माझं हसू गेलं. कोण माझ्या नावाने आत जात होतं हे त्या क्षणी कळलं. टाइप करायला वेळ मागणारा माणूस. चिकूखाली बोलणारा माणूस.

त्याने सांगितलं, सुपारी फोडायची तारीख घेतलीय. संक्रांत झाली की, २५ जानेवारीचा रविवार. त्याला वाटलं मला माहीत आहे.

चहा तसाच राहिला. त्याची एसटी होती, गेला.

१७ डिसें.

आप्पांशी बोलले नाही. ते नेहमीसारखे. 'गाडीचा प्लग बदललाय, आता चालू हुईल.' झाली, पहिल्याच किकला.

आईला माहीत आहे. तिच्या ताट वाढण्यावरून कळतं, जास्तीचं तूप.

ऑफिसात काही सुधरलं नाही. राग येतोय, पण नेमका कुणावर? दार मीच बसवलं. 'कोणाच्या वतीने' हे शब्द माझे. वेळ मी वाढवली. वडगावच्या तेजूला मी 'पुढचा टप्पा' म्हटलं आणि तेव्हा माझ्याच नावाने घरात कुणीतरी...

सगळे निरोप डेटाबेसमध्ये आहेत. माझ्या नावाचे. आप्पांनी काय लिहिलं ते मी आत्ता वाचू शकते, कुणाला कळणारही नाही. कर्सर दोनदा तिथपर्यंत नेला.

नाही वाचले. वाचले तर मग मीही तेच केलं, माणूस शेजारी असताना न विचारता आत शिरणं. पण बोटं शिवशिवतात. गच्चीवर जाऊन आले, परत आले, परत गेले. हिंडलगा जेलच्या भिंतीवरचे दिवे दिसतात आमच्या गच्चीवरून. त्यांच्याकडे बघत उभी राहिले नुसती.

२० डिसें.

विचारलं.

दुपारी आप्पा चिकूखाली. मी समोर जाऊन बसले. 'संदीप ऑफिसात आला होता.'

त्यांनी फोन उलटा ठेवला. मग, 'मानूस कसा वाटला?'

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही मी होऊन बोललात, असं काहीतरी. आई दारात आली, परत आत गेली.

आप्पा म्हणाले, 'अगं, मंडळानं माझाच नंबर घेटलाय. तूच विचारलीस, कोनाच्या वतीनं. मी तुजं नाव निवडलो. त्यात खोटं काय हाय?'

म्हटलं, 'वाचून दाखवा.'

'काय?'

'मी काय लिहिलंय ते. मी म्हणजे तुम्ही.'

चष्मा पुसला. वाचायला लागले. खरंच वाचलं सगळं, शाळेतल्या मुलासारखं सरळ बसून. निपाणीच्या वहिनींनी विचारलेलं, स्वयंपाक येतो का. उत्तर: 'आमटी बरी जमती, भाकरी बिघडती.' भावंडं किती, पुणे का सोडलं. उत्तर: 'आईला बरं नव्हतं. कुणी बोलवलं न्हवतं, मीच आले.' लग्नानंतर नोकरी. उत्तर: 'सोडणार नाही. हे आधीच सांगते, मागनं कटकट नको.' स्वभाव. इथे आप्पा थांबले. मग वाचलं, 'रागीट आहे. पण राग धरून बसत न्हाय. घरात कोण आजारी पडलं तर सगळ्यात आधी मलाच कळतं.'

हे त्यांनी मला तोंडावर कधीच सांगितलेलं नाही. तीस वर्षांत नाही.

राग होता. रडू आलं. मग परत राग आला, कारण रडू आलं. एवढं सगळं कळत होतं तर मला विचारायला काय झालं होतं? तेच विचारलं.

'तू न्हाय म्हनली असतीस.'

'म्हणजे माहीत होतं तुम्हाला.'

'प्रत्येक येळी न्हायच म्हनतीस गं तू. न बघता.'

हे खरं आहे. म्हणूनच जास्त झोंबलं. उठून आत आले.

२१ डिसें.

रविवार. कुणी कुणाशी बोललं नाही. आईने पाटवड्या केल्या. खाल्ल्या.

२३ डिसें.

नवा नियम लिहायला घेतला. घरच्या नंबरावरून बघा, बोला, काय हवं ते करा. पण होकार द्यायचा तर ज्याचं लग्न त्याच्या स्वतःच्या नंबरावर ओटीपी. मुलाचाही. तो नंबर मुलगा किंवा मुलगी स्वतः नोंदवेल, घरच्याला बदलता येणार नाही. आधी दिलेले सगळे होकार 'पुष्टी बाकी' होतील.

कोड तासाभरात झाला. आता मो. सर.

२६ डिसें.

सरांनी ऐकून घेतलं. मग, 'सुप्रिया, हे तू आप्पावरच्या रागानं करालीस.' म्हणजे त्यांनाही माहीत होतं! ती जुळलेली जोडी. हसत होते तेव्हा.

म्हटलं, असेलही रागाने. पण बरोबर आहे की नाही ते सांगा.

'कमिटीपुढं ठेव. मी एकटा हो म्हननार न्हाय.'

३० डिसें.

संदीपचा मेसेज. माझा नंबर त्याने ऑफिसच्या शिपायाकडून घेतला. 'वहिनींना सांगितलो, मला पण बोलायचं होतं तर तुमी का बोललासा. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तुमच्याकडं कसं चाललंय?'

'पाटवड्या झाल्या,' एवढंच लिहिलं. त्याला काय कळणार. पण त्याने हसण्याची खूण पाठवली.

आवडतो का मला? माहीत नाही. एकदा चहा, तोही न प्यालेला. पण त्याचं नाव आलं की आप्पांचा आवाज ऐकू येतो, 'मानूस कसा वाटला?' आणि मी लगेच चिडते. त्याच्याबद्दल माझं माझं असं काही वाटायला जागाच ठेवलेली नाही कुणी. याचाच जास्त संताप येतो.

४ जानेवारी

कमिटी मीटिंग. मंडळाच्या खोलीत, सतरंजीवर. अकरा पुरुष आणि कमळाक्का. कमळाक्का मंडळाच्या जुन्या सभासद, सत्तरीच्या पुढच्या, आमच्याच गावच्या, लग्नं जमवण्यात हयात गेली.

मी सांगितलं. सुरू झाले सगळे. पोरींकडे फोन द्यायचा का? पोरगीच सगळं ठरवणार तर बापानं काय अक्षता टाकायला यायचं? एक जण म्हणाले, 'काही पोरींना नंबरच न्हाय, त्यांनी काय करायचं?' हा प्रश्न खरा होता. तेजूची आठवण आली. मेळाव्यात मंडळाच्या टेबलावर येऊन नंबर नोंदवता येईल, नंबर नसेल तर समोर सही करून होकार, असं काहीतरी बोलले. त्या क्षणी सुचलं तसं.

खानापूरचे मध्यस्थ काका उठून गेले. 'मग आमी कशाला?'

तेव्हा कमळाक्का बोलल्या. 'बसा सगळे. सुपारी फुटली, हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, आनि मग पोरगी न्हाय म्हनली तर गावात तोंड कोन दाखवनार? मी दाखवलीय तीन डाव. न्हाय म्हनायचं तर आधीच म्हनू दे की. तिच्या फोनावर जाऊ दे त्यो आकडा.'

बायकांच्या हक्काबद्दल एक शब्द नाही. फक्त गावात तोंड दाखवायचं. आणि वाद मिटला. मो. सरांनी 'मंजूर' लिहिलं. मला हसावं की हात जोडावे कळेना. पाया पडले कमळाक्कांच्या. त्या म्हणाल्या, 'तुजं बी हाय न्हवं त्यात? बग जरा सावकाश.'

आप्पा कमिटीत आहेत. कोपऱ्यात बसले होते. विरोधात हात वर केला नाही. बाजूनेही नाही.

९ जाने.

नियम चालू केला. निपाणीच्या वहिनींचा मो. सरांना फोन, आमचा होकार कुठं गेला? सरांनी समजावलं. मला सांगताना म्हणाले, 'लई तापल्यात.'

माझ्या पानावर आता दोन्ही बाजूंना 'पुष्टी बाकी'. माझ्याच स्क्रीनवर, माझ्याच फॉन्टमध्ये. मला स्वतःचा नंबर नोंदवायचाय अजून. रोज ठरवते, रोज दुसरं काहीतरी काम काढते. काल तर चालत असलेलं पान परत तपासत बसले.

१४ जाने.

संक्रांत. आप्पांनी तिळगूळ दिला. पाया पडले. ते डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'गोड बोल.' नेहमीचंच वाक्य, पण दोघंही जरा थांबलो. आईने पदराने नाक पुसलं.

सुपारीबद्दल कुणी बोलत नाही. पण आईने नवीन साडी आणून कपाटात ठेवलीय. मी बघितली ते तिला माहीत आहे.

१८ जाने.

मेळावा. हॉलभर माणसं, माइकची किरकिर, लाडूचिवडा. मी एका कोपऱ्यात टेबल टाकून बसले, 'स्वतःचा नंबर येथे नोंदवा'. सुरुवातीला कुणी येईना. मग एक मुलगी आली, आईला बरोबर घेऊन. मग दोघी. मग एक मुलगा आला, कान लाल झालेले, म्हणाला मलापण करायचं. दुपारनंतर रांग लागली. फार मोठी नव्हती. पण होती.

तेजू आली. नंबर नाही म्हणाली, भावाचा आहे. मग म्हणाली, 'सही चालती म्हनलासा न्हवं?' केली सही. कशावर, तर 'आत्ता होकार नाही' यावर. बाप दारात उभे होते. निघताना रागावलेले वाटले. तिचं घरी काय होईल याचा घोर लागलाय. मी तिच्यासाठी बरोबर केलं की फक्त माझ्यासाठी? मो. सरांना म्हटलं, उद्या त्यांच्या घरी जाऊन या. जातो म्हणाले.

निपाणीचं कुणी आलं नाही.

१९ जाने.

मो. सर जाऊन आले. 'बाप थंड हाय. म्हनला, सांगायचं होतं तर आधीच सांगायची. पोरगी चहा घेऊन आली, बरी हाय.' जीव भांड्यात पडला. पूर्ण नाही.

२४ जाने.

उद्या रविवार. उद्याची तारीख घेतलेली होती. ठरलीय की मोडलीय, कुणाला माहीत नाही. निपाणीहून फोन नाही. आईने साडी बाहेरही काढलेली नाही, परत आतही सारलेली नाही, कपाटाचं दार अर्धं उघडं.

सकाळी मी पायरीवर बसून नंबर नोंदवत होते, शेवटी एकदाची. आप्पा आले. हातात त्यांचा फोन.

'हे बग. माझ्यात अजून तुजं नाव दिसतंय.'

'दिसणारच. घरचा नंबर आहे. बघायला चालतं.'

'न्हाय. मला बाहीर पडायचंय. कसं पडायचं ते दावतेस?'

हे मी कुठेच नीट ठेवलं नव्हतं. आत यायला एवढं मोठं पान, बाहेर पडायला कोपऱ्यातल्या तीन रेघांत लपवलेलं. दाखवलं. त्यांनी स्वतःच दाबलं. 'तुम्हाला नक्की बाहेर पडायचे आहे का?' असं विचारतं ते. आप्पांनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मग 'हो' दाबलं.

पायरीवरच बसले मग, माझ्याशेजारी. 'आता तू काय म्हनालीस ते मला कळनार कसं?'

'मी सांगीन.'

'कवा?'

'मला कळलं की.'

मान हलवली. पटलं असं नाही. पण हलवली. निपाणीहून फोन आला तर काय सांगू, असं विचारलं, मी म्हटलं, तिला विचारा म्हणावं. 'आनि त्येनंच इचारलं तर?' म्हटलं, त्याने अजून मला काही विचारलेलंच नाही आप्पा. वहिनींनी तुम्हाला विचारलंय.

यावर ते हसले. खूप दिवसांनी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वेबसाइटचा निरोप. निपाणीचा एक नवीन नंबर नोंदवला गेलाय, स्वतःच्या नावाने. आणि त्याच्याकडून माझ्या पानावर पहिला निरोप.

आप्पांनी वाकून बघितलं, सवयीने. 'काय म्हनतोय?' मग स्वतःच मागे झाले. 'ऱ्हाऊ दे. तुजं हाय ते.' उठले, चपला घातल्या, गेटपर्यंत गेले, आता फिरायची वेळ नव्हती तरी. गेटबाहेर उभे राहिले, पाठ करून.

मी अजून उघडलेला नाही. उघडणार आहे. आप्पा अजून तिथेच उभे आहेत.